टिंबाच्या पुढचे आकडे

मागच्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक पुस्तक हवं होतं. संगणकावर नाव टाकलं, हिरव्या अक्षरांत ‘उपलब्ध’ असं आलं. रॅकपाशी गेलो तर त्या जागी नव्हतं. वरचा कप्पा बघितला, खालचा बघितला, पुस्तकं पुढं ओढून मागं पडलंय का तेही बघितलं. परतीच्या ढिगात नाही, टेबलांवर नाही. काउंटरवरचा मुलगा एजन्सीकडून आलेला, करारावरचा, अतिशय नम्र. तो म्हणाला, “सर, सिस्टीम दाखवतेय म्हणजे आतच आहे.” त्याचं काही चुकलं नव्हतं. पुस्तक आतच होतं, पण हजारो पुस्तकांच्या आत. त्या मुलावर चिडण्यात अर्थ नव्हता, त्याला कुणी काही शिकवलेलंच नव्हतं. पुस्तक न घेता निघालो, आणि घरी येईपर्यंत एक जुना, तंबाखूनं जड झालेला आवाज डोक्यात बोलत राहिला. “आत हाय म्हणजे कुठं हाय, ते बोल की.”

मामांचा आवाज.

पुणे विद्यापीठाच्या नावाआधी ‘सावित्रीबाई फुले’ लागलं ते 2014 साली. त्याच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. गणेशखिंडीत उतरून मुख्य इमारतीच्या बाजूला चालू लागलं की वडांची सावली सुरू व्हायची आणि रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज एकदम मागं राहायचा. जयकर ग्रंथालय मोठं, तिथं परीक्षेच्या तयारीतल्या मुलांनी जागा धरलेल्या असायच्या, खुर्च्यांवर वह्या, बाटल्या, कुणाचा तरी टॉवेल. आमच्या विभागाचं ग्रंथालय त्या मानानं लहान होतं. दोन खोल्या, लोखंडी रॅक, खिडकीशी एक लांबट टेबल, आणि कार्डांची लाकडी कपाटं. त्या कपाटांचे खण ओढले की आत दाबून बसवलेली पिवळट कार्डं आणि त्यांच्या भोकांतून गेलेली पितळी सळई दिसायची. वर्षानुवर्षं बोटं फिरून कार्डांच्या वरच्या कडा मऊ आणि काळ्या झाल्या होत्या. कुठल्या लेखकाचं कार्ड सगळ्यात काळं आहे यावरून त्या विभागात काय वाचलं जातं ते कळायचं. हे मला मामांनीच दाखवलं होतं. त्यांचं पद होतं ग्रंथालय परिचर. आमच्या लेखी ते मामा. विभागप्रमुखसुद्धा त्यांना मामाच म्हणायचे, आणि विभागप्रमुख त्यांच्यापेक्षा वयानं मोठे होते.

मी हिंगोलीकडचा. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत ओळखीच्या एका मुलाच्या खोलीत ‘पॅरासाइट’ म्हणून पडलेलो होतो. विद्यापीठात राहिलेल्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको; दोघांच्या खोलीत चौघं, गादी खाली, रेक्टरची फेरी आली की गॅलरीत. रिफेक्टरीचं जेवण परवडत होतं, बाकी काहीच परवडत नव्हतं. म्हणून ‘कमवा व शिका’चा अर्ज भरला. काही जणांना बागेत काम मिळालं, काहींना कार्यालयात. मला विभागाचं ग्रंथालय मिळालं. मित्रांनी हेवा केला, सावलीतलं काम म्हणून. पहिल्याच दिवशी मामांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, “गाव?” म्हटलं, हिंगोली. “आता जिल्हा झाला न्हवं तुमचा?” म्हणाले. हिंगोली परभणीतून वेगळी होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि पुण्यात हे माहीत असलेला मला भेटलेला तो पहिला माणूस. त्यानंतर माझं नाव संपलं. मी ‘ए हिंगोली’ झालो. विभागात एक लातूर होता, दोन बीड होते, एक मुलगी सिंधुदुर्ग होती. त्या मुलीला मामा आदरानं ‘सिंधुदुर्गबाई’ म्हणायचे.

त्यांनी मला जे पहिलं काम शिकवलं ते पुस्तक काढण्याचं. हसू नका. आपण सगळे पुस्तक रॅकमधून काढताना वरच्या टोकाला बोट अडकवून मागं ओढतो. त्यानं बांधणीचा वरचा काठ फाटतो. कुठल्याही जुन्या ग्रंथालयात बघा, निम्म्या पुस्तकांची डोकी उडालेली असतात. मामांची रीत वेगळी. हव्या त्या पुस्तकाच्या दोन्ही बाजूची पुस्तकं हलकेच आत ढकलायची, मधलं आपोआप बाहेर येतं, मग त्याला कमरेत धरायचं. “लहान पोराला कधी मुंडकं धरून उचलतो का आपण?” असं एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा चुकल्यावर बोलले नाहीत, नुसते टेबलावर पेन्सिलीनं ठक केलं.

मग आकडे. मराठी साहित्य ड्यूईच्या, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे देऊन लावायच्या, पद्धतीत 891.46 ला बसतं. कविता 891.461, नाटक 891.462, कादंबरी-कथा 891.463, निबंध 891.464. इथपर्यंत कुणालाही जमतं. साहित्याचा इतिहास मात्र 891.4609. तो कुठं लावायचा? नवा मुलगा हमखास तो 464 च्याही पुढं, पार रॅकच्या टोकाला नेऊन ठेवतो, कारण चार हजार सहाशे नऊ हा आकडा चारशे एकसष्टपेक्षा मोठा. मीही तिकडंच निघालो होतो. मामांनी मनगट धरलं. “टिंबाच्या पुढं सगळा आकडा एकदम वाचायचा न्हाय. एकेक घर बघत जायचं. चार, चार. सहा, सहा. मग इकडं शून्य हाय, तिकडं एक हाय. शून्य आधी का एक आधी?” सातवीत शाळा सोडलेला माणूस एमएच्या विद्यार्थ्याला दशांश अपूर्णांक शिकवत होता, आणि इतका स्वच्छ तो मला शाळेत कुणी शिकवला नव्हता. इतिहासाची जागा कवितेच्या आधी. पुढं बऱ्याच वर्षांनी एका साहित्यिक चर्चासत्रात यावरून दोन प्राध्यापकांत जुंपली तेव्हा मला मामांचा शून्य आठवला, पण तो सांगायची ती जागा नव्हती.

“चोरीला गेल्यालं पुस्तक कधीतरी माघारी येतं,” मामा म्हणायचे, “चुकीच्या जागी गेल्यालं येत न्हाय.” हे अक्षरशः खरं आहे. चोराकडं असलेल्या पुस्तकाची निदान चोराला तरी खबर असते.

आता हे सगळं लिहिताना मामा फार गोड म्हातारे वाटायला लागलेत, तसे ते नव्हते. तंबाखू मळत बसलेले असले की कुणाला ओळख देत नसत. स्पर्धा परीक्षेची मुलं त्यांच्या डोळ्यांत खुपायची. “ही पोरं आमच्याकडं बसून स्वतःची गाईडं वाचत्यात, रॅकला हात लावत न्हाईत,” असं त्या मुलांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. आणि ते पक्षपाती होते, अगदी उघड. एखादं नवं पुस्तक यावं आणि त्यासाठी चार जण टपलेले असावेत, तर ते पुस्तक दाखल होऊन शिक्का बसून रॅकवर यायच्या ऐवजी कॅम्बेलच्या गॅझेटियरमागं जायचं. गॅझेटियरचा अठरावा खंड पुणे जिल्ह्याचा, तीन भागांचा, 1885 सालचा. त्या जाड भागांना सहसा कुणी हात लावत नसे, म्हणून त्यांच्या पाठीमागं मामांची खाजगी तिजोरी होती. ज्याच्यावर त्यांची मर्जी त्याला खूण व्हायची, “अठरा बघून ये.” माझ्यावर मर्जी होती. मी अठरा बघून यायचो. ज्यांना खूण होत नव्हती ते आठवडा आठवडा ‘पुस्तक आलं का’ विचारत राहायचे, त्यात माझा एक जवळचा मित्रही होता. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचवा असा आहे. मामा तो काटेकोरपणे पाळायचे, फक्त कुठल्या वाचकाचा हे ते स्वतः ठरवायचे.

रंगनाथन म्हणजे मामांच्या लेखी हाराचे धनी. दर 12 ऑगस्टला त्यांच्या जयंतीला फोटो पुसून हार घालायचं काम मामांकडं. एका वर्षी मी मुद्दाम विचारलं, मामा, हे कोण? “मद्रासकडचे सायेब. सगळ्या पुस्तकांच्या जागा लावून देऊन गेले.” यापेक्षा कमी शब्दांत सांगता येईल असं मला वाटत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन कामं असायची. पहिलं पडताळणीचं. मी रॅकवरून एकेक पुस्तक उघडून दाखल क्रमांक मोठ्यानं वाचायचा, मामांनी जाडजूड दाखल नोंदवहीत त्या आकड्यापुढं लाल खूण करायची. नाकाला गमछा बांधलेला, डांबराच्या गोळ्यांचा वास घशापर्यंत गेलेला, वर पंखा नुसता धूळ फिरवतोय. पानांतून कसर पळायची, चंदेरी, पारा सांडावा तशी. दुसरं काम खोडण्याचं. वर्षभरात विद्यार्थ्यांनी पुस्तकांत पेन्सिलीनं मारलेल्या रेघा, कडेला लिहिलेलं ‘महत्त्वाचे’, ‘परीक्षेसाठी’, क्वचित एखादं बदाम, सगळं खोडरबरानं काढायचं. शाईच्या रेघांना इलाज नव्हता, त्या पाहिल्या की मामांचा चेहरा कुणी शिवी दिल्यासारखा व्हायचा. खोडायचीही रीत होती. एकाच दिशेनं, कण्याकडून कडेकडं, मागंपुढं घासलं की जुना कागद चुरगळतो. मग पुस्तक उलटं धरून दोन टिचक्या मारायच्या, खोडरबराचा चुरा खाली. दुपारी अनिकेत कॅन्टीनचा चहा यायचा. तो पिता पिता मामा सांगायचे की रँडला गोळी घातली तो रस्ता हाच, 22 जून 1897, राणी गादीवर बसल्याला साठ वर्षं झाली त्याची मेजवानी ह्याच मुख्य इमारतीत होती, तेव्हा ती गव्हर्नरची कोठी होती. तारीख ते कधी चुकत नसत. आणि सांगताना हात असा काही खिडकीबाहेर करत, की चापेकर तिकडल्या झुडपात अजून दबा धरून बसलेत असं वाटावं.

दोन वर्षांपूर्वी मामा गेल्याचं आमच्या जुन्या वर्गाच्या ग्रुपवर कळलं. दिवसभर संदेश येत राहिले. कुणी परदेशातून लिहिलं, कुणी मंत्रालयातून. वाचता वाचता माझ्या एक लक्षात आलं. जवळजवळ प्रत्येकानं लिहिलं होतं की मामांचा माझ्यावर विशेष जीव होता. लातूरनं लिहिलं, दोन्ही बीडनी लिहिलं, आणि ज्याला मी अठरा बघून येत असताना ताटकळत ठेवलं होतं त्या मित्रानंही लिहिलं. म्हणजे त्यालाही कुठल्या तरी दुसऱ्या खंडामागचं पुस्तक मिळत असणार. मला आधी हसू आलं, मग थोडं लागलंही. आपण लाडके होतो हा समज माणूस विशी ओलांडल्यावरही किती जपून ठेवतो!

पण त्या संदेशांत दुसरंही काही होतं, ते मला आजवर टोचतं. सगळे मामांच्या मायेबद्दल लिहीत होते. कामाबद्दल एकानंही लिहिलं नाही. ‘देवमाणूस’, ‘आईसारखी माया’, ‘नेहमी हसतमुख’ (हे तर धडधडीत खोटं). आमच्यातल्या निदान डझनभर जणांचे प्रबंध त्या माणसानं हातात आणून दिलेल्या पुस्तकांवर उभे आहेत. एखाद्याच्या टिपणवहीवर नजर टाकून तो म्हणायचा, “तुला हे नगं, ह्याच्या शेजारचं बघ,” आणि शेजारचंच हवं असायचं. ते पुस्तक त्यानं वाचलेलं नसायचं. पण तशाच विषयावर आधी कोण बसलं होतं, त्यानं कुठली पाच पुस्तकं एकत्र मागितली होती, त्यांतलं कुठलं तो परत परत मागत होता, हे सगळं त्याच्या डोक्यात साठलेलं असायचं. प्राध्यापकानं हेच केलं असतं तर आपण त्याला मार्गदर्शन म्हटलं असतं. परिचरानं केलं म्हणून ती माया झाली. मायेला वेतनश्रेणी नसते, मायेची ज्येष्ठता यादी लागत नाही. वर्ग चारमध्ये लागलेला माणूस वर्ग चारमधूनच निवृत्त होतो आणि आपण त्याला शाल देतो, नारळ देतो, डोळे पुसतो. हे कुठल्या एका विद्यापीठाचं नाही, मी पाहिलेल्या सगळ्या शिक्षणसंस्थांत हे असंच आहे, मी आता जिथं शिकवतो तिथंही. बरं, पुढं ही शालसुद्धा लागणार नाही. शाळांपुरता तर तो निर्णय झालाच आहे. डिसेंबर 2020 च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांमधली शिपायांची पदं जसजशी रिकामी होतील तसतशी संपवून त्याऐवजी शाळेला दरमहा ठराविक ‘शिपाई भत्ता’ द्यायचं ठरलं. भत्त्यात माणूस मिळेल. वर्षभर राहील, मग दुसरा मिळेल. दशांशाचं शून्य कुठं बसतं ते कळायच्या आत त्याचा करार संपलेला असेल.

हे म्हणताना मला स्वतःचाही पूर्ण भरवसा वाटत नाही. मामा आज असते तर त्यांनी बारकोडला नावं ठेवली असती, पण एका क्लिकवर दाखल क्रमांक निघतो म्हणून उन्हाळ्याची पडताळणी चार दिवसांत उरकली असती, आणि त्यांची गुडघ्यांची दुखणी वाचली असती. गॅझेटियरमागची तिजोरी बंद पडली असती, म्हणजे माझ्या त्या मित्राला न्याय मिळाला असता. मला ते हवं आहे का? बहुतेक हवं आहे.

एक पावसाळा मात्र सांगायला हवा. ऑगस्ट असावा, कारण बाहेर संततधार आणि आत पुस्तकांना बुरशी धरू नये म्हणून आम्ही खालच्या कप्प्यातली पुस्तकं काढून पंख्याखाली उघडून ठेवली होती. महाराष्ट्राच्या इतिहासाचा, 954.792 चा रॅक. त्यांतलं एक पातळ पुस्तक मामांनी उचललं, शेवटची पानं काढली आणि माझ्यापुढं धरलं. “हे वाच. बारीक हाय, मला दिसंना.” मुळशी सत्याग्रहावरचं पुस्तक होतं. टाटांच्या वीज कंपनीनं मुळशीला धरण बांधायला घेतलं, मावळ्यांच्या जमिनी जाणार म्हणून 1921 साली सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापटांच्या नावामागं ‘सेनापती’ लागलं ते त्यातूनच. शेवटी धरण झालं. हे सगळं मला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. मामा मुळशीकडचे आहेत हेही ठाऊक होतं, पौडवरून पुढं कुठंतरी, तिकडून ते दर होळीला काजू आणायचे. त्यांचं मूळ गाव त्या पाण्याखाली आहे हे मात्र त्या दिवशी कळलं.

पुस्तकाच्या परिशिष्टात गावांची यादी होती, पुढं घरांची संख्या. मी एकेक नाव वाचत गेलो. मामा रॅकला पाठ टेकून उकिडवे बसले होते, तळहातावरचा तंबाखू मळायचा थांबला होता. एका नावावर त्यांनी हात वर केला. “थांब. किती लिहिल्यात?” मी म्हटलं, चौदा. “सतरा,” मामा म्हणाले. मी म्हटलं, मामा, छापलंय चौदा. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. आज्यानं बापाला सांगितलेली, बापानं त्यांना सांगितलेली घरं. वरच्या अंगाला ही, ओढ्याकडं ही, देवळामागं दोन भावांची वेगळी झालेली, एक सुताराचं, गावाबाहेर तीन. त्या तिघांची नावं घेतल्यावर म्हणाले, “हीच धरली न्हाईत. गावाबाहेरची.” मग हिशेब दोनदा तपासला. सतराच आले. मामा त्या तिनांपैकी एका घरातले होते का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

“पेन्सिल हाय का?” त्यांनी विचारलं.

पेन्सिलीच्या रेघेवरून मुलांना हाकलून देणारा माणूस. मी टेबलावरची पेन्सिल आणली. त्यांनी ती हातात घेतली, परत माझ्याकडं दिली. “तू लिव्ह. तुझं अक्षर बारीक हाय.” मी चौदाच्या शेजारी, कडेला, 17 लिहिलं. मामांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन ते नीट बघितलं, दोन टिचक्या मारल्या आणि पंख्याखाली उघडं ठेवलं.

त्यांची कागदावरची जन्मतारीख 1 जून. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राची हीच असते, गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली. त्यामुळं साठ पूर्ण करून ते निवृत्त झाले 31 मेला, ऐन सुट्टीत. निरोपसमारंभ उरकून घेतला होता एप्रिलमध्येच, मुलं असतात म्हणून. मेमध्ये विभागात आम्ही दोघंच, आणि मामा त्यांच्या शेवटच्या महिन्यात रोज वेळेवर येऊन खोडरबर घेऊन बसत. 954.792 च्या रॅकवर आलो तेव्हा ते पातळ पुस्तक माझ्या हाताला लागलं. कुणीतरी वर्षात वाचलं होतं, पहिल्या चाळीस पानांत भरपूर रेघा. मी खोडत खोडत शेवटच्या पानांपाशी आलो आणि थांबून मामांकडं बघितलं. ते समोर बसून दुसरंच पुस्तक झटकत होते. मान वर न करता म्हणाले, “ते ऱ्हाऊ दे. आन् बाकीच्या रेघा कुणाच्या हायेत बघ जरा तारखेवरनं. लातूरच असणार, त्याच्याकडंच होतं ते दिवाळीत. सांग त्याला, रबर स्वतःचं आणून खोडून जा म्हणावं.”